तरीचं भाडं



गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. हरिहरेश्वरला देवळाच्या अलीकडे नारळ-प्रसादाची आणि कोकम-आमसुलांची दुकानं आहेत, तिथं मी रिक्षाची वाट पाहत उभी होते. शेजारी पुण्याकडचं एक तरुण जोडपं होतं. दोघांच्याही माना मोबाईलमध्ये. थोड्या वेळानं त्यातल्या मुलीनं मला विचारलं, "मावशी, इथं ॲपवर गाडी मिळत नाही का?" मी म्हटलं, "इथं हाक मारली की मिळते." ती हसली, मीही हसले. पण मी हसले ते स्वतःलाच. कारण त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मी दुबईत खाडीच्या काठावर उभी राहून नेमकं उलटं विचारत होते, की इथं मोबाईलवाचून काही चालतं की नाही?

आज मला त्याविषयीच बोलायचं आहे. परक्या देशात मोबाईलवरून गाडी बोलावणं आणि मोबाईलमधून पैसे देणं. विषय तरुणांचा वाटेल. माझ्या मते तो पन्नाशी ओलांडलेल्यांचा, त्यातही बायकांचा अधिक आहे. तरुण पोरं अडली तरी वाट काढतात. आपण अडलो की मुलाला फोन करतो, आणि मुलगा तेव्हा कामावर असतो.

आमच्या या किनाऱ्यावर, म्हणजे हरिहरेश्वर, श्रीवर्धन, म्हसळा, बोर्ली पंचतन या पट्ट्यात, परदेश ही काही नवलाची गोष्ट नाही. कोकणी मुसलमानांची घरं केपटाऊनला आहेत, मोम्बासा आणि नैरोबीला आहेत. कित्येकांनी आयुष्य बोटीवर काढलं. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, आखातात कामं निघाली आणि गावागावातले तरुण तिकडे गेले. पण जायचे ते पुरुष. बायका इथं राहायच्या आणि त्यांची वाट पाहायच्या. माझी अम्मी वाट पाहायची ती पत्राची आणि बँकेच्या ड्राफ्टची. ड्राफ्ट आला तरी तो वटवायला कुणीतरी पुरुष माणूस बरोबर घेऊन श्रीवर्धनला बँकेत जावं लागायचं. कष्टाचा पैसा अब्बांचा, घर चालवणारी अम्मी, आणि मधे चार माणसांचे हात. तिनं समुद्र रोज पाहिला, ओलांडला मात्र कधी नाही.

तुम्हाला गंमत वाटेल, पण एके काळी आपला रुपयाच समुद्र ओलांडून जायचा. दुबई, कतार, बहारीन, कुवेत या भागात भारतीय रुपया हेच चलन होतं. तिथल्या बाजारात आपल्या नोटा चालायच्या. त्यांच्या जोरावर सोन्याची चोरटी आयात वाढली, परकीय चलनाची गंगाजळी आटू लागली, म्हणून १९५९ साली रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या. हजला जाणाऱ्यांसाठीही वेगळ्या नोटा निघाल्या, दहाच्या आणि शंभराच्या. त्या भारतात चालत नसत. माझे आजोबा जहाजानं हजला गेले तेव्हा तशा नोटा कमरेच्या कशात बांधून गेले होते. पुढं जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि आखातातल्या ज्या राज्यांत तोवर रुपया टिकून होता, तीही त्याच्यापासून दूर झाली. अमिरातीचा दिरहम आला तो १९७३ साली. म्हणजे आजोबांच्या काळात मुंबईचा रुपया घेऊन दुबईच्या बाजारात उभं राहता येत होतं, अब्बांच्या काळात ते संपलं, आणि आता माझ्या काळात तो रुपया मोबाईलमधून पुन्हा तिकडे निघाला आहे. ते कसं, हे पुढं सांगते.

माझी सून दुबईत बाळंत होणार होती. मुलगा म्हणाला, "अम्मी, तू ये." मी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होते, तेही एकटी. निघण्याआधी शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं माझी आठवडाभर शिकवणी घेतली. मी बी.ए. आहे, चार कवितासंग्रह माझ्या नावावर आहेत, पण त्या आठवड्यात मी पुन्हा बिगरीत बसले. ॲप कसं उघडायचं, जायचं ठिकाण कसं लिहायचं, आपण उभ्या आहोत तिथं नकाशावरची खूण कशी सरकवायची. कार्डाची माहिती कशी भरायची. तेव्हाच एक गोष्ट कळली. रिझर्व्ह बँकेच्या २०२० सालच्या नियमांनुसार नव्या कार्डावर परदेशातले व्यवहार सुरुवातीला बंद असतात. ते आपण स्वतः बँकेच्या ॲपमधून किंवा बँकेत सांगून चालू करून घ्यायचे, आणि त्यांना मर्यादाही आपणच घालायची. मी मर्यादा थोडी ठेवली. हरवलंच कार्ड, तर नुकसान तेवढंच.

दुबईत मुलाचं घर देरा भागात आहे आणि सुनेचं हॉस्पिटल खाडीपलीकडे बर दुबईला. बाळ झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाला कामावर जावं लागलं, अबुधाबीच्या रस्त्याला, दीडेक तास लांब. डबा घेऊन हॉस्पिटलात मी एकटीच जाणार होते. मी बिल्डिंगच्या खाली उतरले, मोबाईल उघडला, ठिकाण लिहिलं. किती दिरहम पडतील ते आधीच समोर आलं. मग ड्रायव्हरचं नाव, फोटो, गाडीचा नंबर आणि नकाशावर माझ्याकडे वळत येणारी चिमुकली गाडी. चार मिनिटांत ती खरीखुरी गाडी दारात उभी राहिली.

श्रोतेहो, ज्यांनी आयुष्यभर गाडी स्वतः चालवली किंवा ठरवली त्यांना यात काही वाटणार नाही. पण मला वाटलं. माझ्या अम्मीला एसटीच्या स्टँडवरसुद्धा एकटीनं जाऊ देत नसत. मी मात्र परक्या मुलखात, ज्या भाषेत मी फक्त नमाज पढते तिच्यात एकही शब्द न बोलता, घासाघीस न करता, कुणाची मिनतवारी न करता गाडीत बसले होते. ड्रायव्हर पेशावरकडचा होता. आम्ही तोडक्यामोडक्या हिंदी-उर्दूत बोललो. तो म्हणाला, "मी इथून पैसे पाठवले की बायकोच्या मोबाईलवर लगेच कळतं. ती मला फोन करून सांगते, मिळाले." मला अम्मीचा ड्राफ्ट आठवला.

उतरताना पाकीट काढायचंच नव्हतं, पैसे कार्डातून वळते झाले होते. मग मोबाईलनं विचारलं, प्रवास कसा झाला, किती तारे देणार? माणसाला तारे देण्याची माझी ती पहिलीच वेळ. मी पाच दिले. नंतर मुलानं सांगितलं की तारे सतत कमी पडले तर ड्रायव्हरच्या कामावर गदा येऊ शकते. तेव्हापासून मी तारे देताना जरा थांबते. उशीर रहदारीमुळं झाला की त्याच्यामुळं, एवढं तरी मनाशी विचारते. आपल्या बोटाखाली कुणाची तरी रोजी असते.

गाड्यांची ही पद्धत आता जगभर पसरली आहे, पण सगळीकडे ॲप एकच नाही, हे लक्षात ठेवलं पाहिजे. उबर ही कंपनी २००९ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला निघाली. दुबईत २०१२ मध्ये करीम सुरू झाली. करीम म्हणजे उदार. उबरनं करीम विकत घेतली, तरी तिचं ॲप वेगळंच राहिलं. दुबईच्या सरकारी परवान्याच्या टॅक्सीही करीमवरून बोलावता येतात. सिंगापूर-मलेशियाकडे ग्रॅब चालतं, उबरनं तिथला आपला धंदा २०१८ साली ग्रॅबला दिला. चीनमध्ये दीदी. म्हणजे आपल्या गावात जे ॲप वापरतो ते तिकडे चालेलच असं नाही. ज्या देशात जायचं तिथलं ॲप घरूनच उतरवून घ्यावं. दुबईत गुलाबी टपाच्या टॅक्सी असतात, त्या बायका चालवतात आणि त्या बायकांसाठी आणि कुटुंबांसाठी असतात. मी एकदा तिच्यात बसले. आम्ही दोघीही वाटभर जास्तच बोललो.

आता पैशांचं. आपल्याकडे यूपीआय २०१६ साली आलं, त्याच वर्षी नोटाबंदी झाली, आणि बघता बघता हरिहरेश्वरच्या नारळवाल्याच्या फळकुटावरही तो काळा-पांढरा चौकोन लागला. दहा रुपये दिले की डबीतून आवाज येतो, पैसे मिळाले म्हणून. हे यूपीआय आता परदेशातही पोचलं आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते सिंगापूरच्या पे-नाऊशी जोडलं गेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पॅरिसच्या आयफेल टॉवरच्या तिकिटासाठी सुरू झालं, त्याच महिन्यात श्रीलंका आणि मॉरिशसला. भूतान, नेपाळ इथंही चालतं. अमिरातीतल्या कित्येक दुकानांत चालतं. मी देरामधल्या एका दुकानात बाळासाठी दुपटी घेतली आणि माझ्या श्रीवर्धनच्या खात्यातून पैसे दिले. पडद्यावर दिरहमही दिसले आणि रुपयेही. आजोबांच्या त्या नोटांची आठवण मला तिथंच झाली.

पण दोन गोष्टी नीट समजून घ्या. पहिली, परदेशातला प्रत्येक क्यूआर कोड आपला नसतो. चीनमध्ये अलीपे आणि वीचॅटचे असतात. तिथं परदेशी माणसाला आपलं कार्ड त्यांच्या ॲपला जोडावं लागतं, ही सोय २०२३ पासून बरीच सोपी झाली. केनियात एम-पेसा आहे. ती सेवा २००७ साली सुरू झाली, आपल्या यूपीआयच्या नऊ वर्षं आधी, आणि तीही साध्या बटणांच्या फोनवर. स्वाहिलीतला पेसा हा आपल्या पैशाचाच भाऊ, असं म्हणतात. आमच्या नैरोबीच्या नातलगांना त्याचा केवढा अभिमान! तर दुकानात आधी विचारायचं, भारताचं यूपीआय चालतं का? दुसरी गोष्ट, आपल्या ॲपमध्ये परदेशातले व्यवहार मुद्दाम चालू करावे लागतात, आणि ते ठरावीक मुदतीसाठीच चालू राहतात. शिवाय रुपयाचा दिरहम होताना बँक आपला दर आणि आकार लावते. छोट्या खरेदीला ठीक, मोठ्या खरेदीला आधी हिशेब करावा.

आता माझी फजिती सांगते. ती सांगण्यासाठीच खरं तर मी आज आले आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सुनेसाठी अळिवाची खीर केली. नारळ इथून नेला होता. खीर गरम असताना पोचली पाहिजे म्हणून घाईनं डबा बांधला आणि मोबाईल उघडला. ॲपनं आज वेगळंच विचारलं. कार्ड पुन्हा एकदा पडताळायचं आहे, तुमच्या नंबरावर ओटीपी पाठवला आहे, तो भरा. ओटीपी येईना. पुन्हा मागितला, तरी येईना. माझा नंबर भारतातला, आणि त्यावर घेतलेलं रोमिंगचं पॅक आदल्या रात्री संपलं होतं. घरातल्या वायफायवर बाकी सगळं चालत होतं, म्हणून मला ते कळलंच नव्हतं. मुलाला व्हॉट्सॲपवर निरोप टाकला. तो कामात. व्हॉट्सॲपवरून बोलावं म्हटलं, तर मी गेले तेव्हा तिथं त्यावरून बोलणं बंद होतं, निरोप तेवढे जायचे. रस्त्यावरची टॅक्सी रोख पैसे घेते, पण माझ्याकडे रोख एक दिरहमही नव्हता. "अम्मी, मोबाईलमध्ये सगळं आहे," असं मुलगा म्हणाला होता, आणि ते मी अगदी शब्दशः घेतलं होतं.

पहिल्या संध्याकाळी मुलानं मला खाडी दाखवली होती. घरापासून दहा मिनिटांची वाट. तिथून लाकडी होड्या पलीकडे जातात, त्यांना अब्रा म्हणतात. वीसेक माणसं पाठीला पाठ लावून बसतात आणि पाच-सात मिनिटांत पैलतीर येतो. पलीकडून हॉस्पिटल चालत जाण्यासारखं होतं. मी डबा घेऊन निघाले, धक्क्यावर उतरले आणि गर्दीबरोबर होडीत बसले. मनात म्हटलं, एवढ्या मोठ्या शहरात होडीवरही तो चौकोन असेलच.

होडी मध्यावर आली आणि होडीवाल्यानं हात पुढं केला. माणसं त्याच्या हातावर एकेक नाणं ठेवू लागली. भाडं एक दिरहम, रोख. माझी पाळी आली. मी मोबाईल दाखवला. तो हसला आणि मान हलवली. माझे कान तापले. माझ्या हातात इतक्या हजारांचा मोबाईल, खात्यात पैसे, पर्समध्ये भारताच्या नोटा, आणि एक दिरहम नाही. मी पाचशेची नोट काढू लागले, तर तो म्हणाला, "रहने दो अम्मा, बाद में दे देना." तो बांगलादेशचा असावा, बोलण्यावरून वाटलं. मग पुढच्या माणसापुढं त्यानं हात केला. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

श्रोतेहो, माझं आजोळ खाडीपलीकडचं, बाणकोटचं. सावित्री जिथं समुद्राला मिळते तिथं अलीकडे बागमांडला आणि पलीकडे वेसवी. आता तिथं मोटारी वाहून नेणारी फेरीबोट आहे. आम्ही लहान होतो तेव्हा तर असायची. अम्मीकडे कधी सुटे नसले की तरवाला म्हणायचा, "असू दे गो, परतताना दे." आणि अम्मी परतताना आठवणीनं द्यायची. मी दुबईच्या खाडीत बसून तेच ऐकत होते. माणूस वेगळा, भाषा वेगळी, पाणीही वेगळं, पण वाक्य तेच. नंतर मनात आलं, आपली तर ज्या धातूवरून आली त्याचा अर्थ पार होणं. आणि अरबी अब्रा ज्या धातूवरून आला त्याचाही अर्थ ओलांडणंच. दोन किनाऱ्यांवरच्या माणसांनी एकाच कामाला एकच नाव दिलेलं आहे.

खीर कोमट का होईना, पोचली. सुनेनं नाणी दिली. परतताना मी त्याच धक्क्यावर त्या होडीवाल्याला शोधलं. होड्या सगळ्या सारख्या, माणसं सगळी घाईत. तो सापडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, त्यानंतरही नाही.

आता कुणी म्हणेल, म्हणजे हे मोबाईलचं खूळ वाईटच. मी तसं म्हणणार नाही. त्या आधीचे दोन दिवस मी कुणाच्याही मदतीवाचून परक्या शहरात फिरले, ते त्या मोबाईलमुळंच. अम्मीच्या पिढीला जे मिळालं नाही ते मला मिळालं. ते मी सोडणार नाही आणि तुम्हीही सोडू नका. पण ज्या गाडीला एकच चाक आहे ती पडणारच. दुसरं चाक घरूनच लावून निघायचं. ते कसं, एवढं सांगते.

निघण्याआधी तिथलं ॲप घरी उतरवून, आपल्या नंबरावर नोंदवून, कार्ड जोडून ठेवा. ओटीपी येतो तो भारतातल्या नंबरावर. म्हणून रोमिंग किती दिवसांचं आहे ते वहीत लिहा आणि संपण्याआधी वाढवा. तिकडचं सिम घेतलंत तरी भारताचं सिम फोनमधून काढू नका. यूपीआय त्या सिमशी आणि त्या फोनशी बांधलेलं असतं. म्हणूनच परदेशात असताना नवा फोन घेऊन त्यात सगळं हलवायचा उद्योगही करू नका. आणि एक, तिकडे राहणाऱ्या आपल्या मुलांसाठी. २०२३ पासून अमिराती, सौदी, कतार, ओमान, इंग्लंड, अमेरिका अशा दहा देशांतल्या अनिवासी भारतीयांना तिथल्याच नंबरावर आपल्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातून यूपीआय वापरायची मुभा मिळाली. बँकेत विचारून घ्या.

गाडीत बसण्याआधी नंबरपाटी मोबाईलशी जुळवून पाहा. नाव तुम्ही सांगू नका, ड्रायव्हरला विचारा की कुणाला न्यायला आलात. प्रवासाची खूण घरच्यांना पाठवायची सोय ॲपमध्ये असते, ती वापरा. विमानतळावर ॲपच्या गाड्या ठरलेल्या जागीच येतात, कधी वेगळ्या मजल्यावर. पाट्या पाहा, आणि बाहेर "मॅडम, ॲपची गाडी" म्हणत कुणी मागं लागला तर त्याच्याबरोबर जाऊ नका. गर्दीच्या वेळी ॲपचं भाडं चढतं. तेव्हा साधी टॅक्सी किंवा मेट्रो स्वस्त पडते. दुबईची मेट्रो २००९ पासून आहे आणि तिच्यात बायकांसाठी वेगळी जागा आहे.

दुकानात कार्डाच्या यंत्रानं रुपयात देणार की दिरहममध्ये असं विचारलं, तर त्या देशाचं चलन सांगा. रुपये पाहून बरं वाटतं, पण तो दर बहुधा महाग पडतो. चहाच्या दुकानातल्या फुकटच्या वायफायवर पैशाचे व्यवहार करू नका. ओटीपी किंवा पिन कुणालाही सांगू नका, तो बँकेचा माणूस म्हणवत असला तरी. पैसे घेताना पिन लागतच नाही. जो मागतो तो चोर.

आणि सगळ्यात साधं. एका कागदावर घराचा पत्ता, मुलाचा नंबर आणि त्याच्या शेजाऱ्याचा नंबर लिहून पर्समध्ये ठेवा. फोन बंद पडला की त्यातले नंबरही बंद पडतात. तिकडचे थोडे सुटे पैसे पहिल्याच दिवशी घ्या, मुलगा काहीही म्हणाला तरी.

हे शहाणपण मला खरं म्हणजे दुबईला जाऊन शिकायची गरज नव्हती. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आदळलं. रोठा सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची कौलं उडाली, विजेचे खांब मोडून पडले. मोबाईलचे मनोरे मुके झाले आणि कित्येक दिवस कुणाचा कुणाला फोन लागेना. आखातात आणि मुंबईत असलेली मुलं घरच्यांच्या आवाजासाठी कासावीस झाली. खात्यात पैसे होते, पण ते काढायचे कुठून? त्या दिवसांत आमच्या किराणा दुकानदारानं वही काढली. जुनी, लाल कापडाची. ज्यांच्याकडे रोख नव्हती त्या सगळ्यांची नावं तिच्यात लिहिली, त्यात हिंदूही होते आणि मुसलमानही. तांदूळ, मीठ, मेणबत्त्या त्यानं दिल्या. वीज आल्यावर लोकांनी पैसे आणून दिले. तेव्हा मी हे डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तरी दुबईला रिकाम्या पर्सनं गेले. माणूस सोयीला किती लवकर भुलतो!

ॲप आपल्याला ओळखत नाही, आणि ओळखत नसतानाही गाडी पाठवतं, ही त्याची मोठी देणगी आहे. आपण बाई आहोत की बाप्या, कुठल्या गावच्या, कुठल्या धर्माच्या, भाषा येते की नाही, हे ते विचारत नाही. पण सहा आकडे भरता आले नाहीत की ते थांबतं. होडीवालाही मला ओळखत नव्हता. तो थांबला नाही. दोन्ही प्रकारच्या भरवशावर जग चालतं. पहिला शिकून घ्यावा लागतो. दुसरा मिळाला तर घ्यायचा असतो, आणि आपल्या दारात कुणी अडलेला आला तर द्यायचा असतो.

परवाचं ते पुण्याचं जोडपं. त्यांना श्रीवर्धनला जायचं होतं. रिक्षा आली, पण नेटवर्क गेलेलं, त्यामुळं त्यांचे पैसे जाईनात, आणि रोख त्यांच्याकडे नव्हती. मुलगी अगदी रडकुंडीला आली. मी रिक्षावाल्याला म्हटलं, "ने यांना. नाही मिळाले तर माझ्याकडून घे." तो म्हणाला, "तुमच्याकडून कशाला? श्रीवर्धनला नेटवर्क आहे, तिथं देतील." आणि त्यांना घेऊन गेला. मग त्यांनी पैसे दिले की नाही, ते मी विचारलं नाही.

माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात एक दिरहमचं नाणं आहे. दुबईच्या खाडीतल्या त्या होडीवाल्याचं देणं. पुढच्या खेपेला जाईन तेव्हा पुन्हा शोधीन.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)